नीलाच्या हातचं वरण

वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा नीला वासेकर चांद्याला अध्यापिका विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. जिल्हा मुंबई राज्यात जाऊन दोन वर्षं होत आली होती. पूर भाद्रपदात आला. पोंभुर्ण्याच्या बाजूची नदीकाठची सात-आठ गावं पाण्याखाली गेली. पाणी दिवसा चढलं, त्यामुळे माणसं फारशी दगावली नाहीत. पण कुडाच्या भिंती विरघळल्या, साठवणीच्या ढोल्यांतलं धान भिजून त्याला मोड आले आणि शेतातल्या बांध्यांतलं उभं पीक चिखलात झोपलं.

शहरातल्या व्यापाऱ्यांनी तांदूळ आणि तुरीची डाळ जमवली. वाढायला आणि राबायला हात हवे होते, म्हणून विद्यालयाच्या मुख्य बाई अन्नपूर्णाबाई यांनी चौदा मुली निवडल्या. सभागृहात त्यांनी नावं वाचली, गावाचं नाव सांगितलं आणि विचारलं, "कुणाला काही अडचण?"

गावाचं नाव होतं आंबेटोला. नीलानं हात वर केला नाही.

आंबेटोला हे तिचं सासर होतं. पाच वर्षांपूर्वी ती तिथून निघाली होती. तिची मैत्रीण आबिदा हिनं नंतर विचारलं, की तेव्हाच का नाही सांगितलंस? नीला म्हणाली, "मला वाटलं, पाच वर्षांत लोक विसरले असतील. आणि चौदा जणी पांढऱ्या साड्यांत एकसारख्याच दिसतील."

तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. नवऱ्याचं नाव गुणवंत. घरी पंधरा एकर धान, सासरा नानाजी, सासू सुगंधाबाई आणि हा एकुलता एक मुलगा. लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा गुणवंत नदीपलीकडच्या एका जत्रेला गेला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला. नीलानं लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात वाढला. तो पोटभर जेवला. पहाटे ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. जत्रेहून परतलेली आणखी सहा माणसं त्या आठवड्यात दूरदूरच्या गावांत तशीच गेली होती. पुढे डॉक्टर आला, साऱ्या गावाला टोचून गेला, पटकी होती असं सांगून गेला. पण तोवर सुगंधाबाईनं अंगणात उभं राहून ओरडून सांगितलं होतं, "हिच्या हातचं खाल्लं न् माहा लेक गेला!"

ते वाक्य गावभर झालं. महिनाभर नीलाला चुलीजवळ जाऊ दिलं नाही. तिचं जेवण गोठ्याच्या दारात ठेवलं जाई. मग भाऊ येऊन तिला माहेरी, मूल गावाला घेऊन गेला. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती. भावानं दोन ठिकाणी बोलणी केली, दोन्हीकडे ते वाक्य आधी जाऊन पोचलेलं होतं. तेव्हा त्यानं तिला शाळेत घातलं. अठरा वर्षांची नीला बारा वर्षांच्या मुलींबरोबर पाचवीत बसली. सातवीची फायनल दिली आणि चांद्याला आली.

आंबेटोल्याची शाळा टेकाडावर होती, म्हणून वाचली होती. ट्रक पायथ्याशी थांबला. गावचा कोतवाल मुखरू यानं पोती वर वाहायला माणसं आणली. ओल्या लाकडांवर चुली पेटेनात. धुरानं मुलींचे डोळे सुजले. तिसऱ्या प्रहरी एकदाची पहिली पंगत बसली. पडवीत आणि अंगणात दीडशे माणसं, पुढे पळसाच्या पत्रावळी. जातीवरून कुरबुर झाली. अन्नपूर्णाबाईंनी ऐकून घेतलं आणि पंगत एकच ठेवली. जेवण इथेच बसून जेवायचं, घरी न्यायचं नाही, हा दुसरा नियम. शेजारच्या एका गावात लोकांनी भात घरी नेऊन दोन दिवस ठेवला होता आणि तो आंबलेला खाऊन पोरं आजारी पडली होती.

आबिदा भाताची दुरडी घेऊन पुढे निघाली. तिच्यामागून नीला वरणाची बादली आणि ओगराळं घेऊन. आबिदाचे वडील बाबूभाई चांद्याच्या बाजारात शिंपीकाम करत. मुलगी मुसलमानाची आहे हे मुखरूकडून सगळ्यांना कळलं होतं. दोघा-तिघांनी आढेवेढे घेतले, पण पोटात भूक होती. भात पत्रावळीवर पडू दिला.

नीला चौथ्या पत्रावळीशी आली. तिथं रुखमाबाई बसली होती. ती सुगंधाबाईची शेजारीण. घरं लागून लागून होती. नीला वाकली तशी रुखमाबाईनं मान वर केली. बघत राहिली. मग तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"वरण," नीला म्हणाली.

"नको."

"कोरडा भात कसा खासान?"

"खाईन मी. जा तू समोर."

नीला पुढे सरकली. रुखमाबाई शेजारणीच्या कानाला लागली. ते पंगतीतून पुढे पुढे गेलं, नीलाच्या आधी. ती पुढच्या ओळीशी पोचली तेव्हा तिथले हात आधीच पत्रावळींवर आडवे होते. पुरुषांपैकी काहींनी वरण घेतलं. लहान पोरांनी मागितलं, त्यांच्या आयांनी त्यांचे हात ओढले. बादली अर्ध्याहून जास्त भरलेली परत आली. लोकांनी मीठ मागून घेतलं आणि भाताशी खाल्लं.

पंगत उठल्यावर अन्नपूर्णाबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं.

"वरण करपलं होतं का?"

"नाही, बाई."

"मग?"

नीलानं सांगितलं. उभ्या उभ्या, क्रमानं, पाठ म्हणून दाखवावा तसं. लग्न, जत्रा, वरण, पटकी, सासूचं वाक्य. अन्नपूर्णाबाई नागपूरच्या, पन्नाशीच्या, स्वतः बालविधवा. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"हे चांद्याला का बोलली नाहीस?"

"चुकलं, बाई."

"ठीक आहे. उद्याही वरण तूच वाढायचं."

"बाई, ते घेणार नाहीत."

"आज नाही घेतलं तर उद्या घेतील. उद्या नाही तर परवा. तू मागं सरलीस तर ते म्हणतात ते खरं होतं असा त्याचा अर्थ होईल."

"पण उपाशी ते राहतील ना बाई. मी नाही."

अन्नपूर्णाबाईंना हे आवडलं नाही. "उद्या तूच," त्या म्हणाल्या आणि तांदळाची पोती मोजायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी नीलानं वरण वाढायला घेतलं. पंगतीला माणसं कमी होती. जी होती त्यांतल्या बहुतेक बायकांचे हात ती पोचायच्या आधीच पत्रावळींवर होते. पडवीच्या टोकाला चार-पाच वर्षांची एक मुलगी वरणासाठी हट्ट धरून बसली. आईनं दोनदा दटावलं, मग पाठीत धपाटा घातला. मुलगी भात टाकून रडत उठली. नीलानं बादली जमिनीवर ठेवली. भात वाढून रिकाम्या झालेल्या एका मुलीला हाक मारली, ओगराळं तिच्या हातात दिलं आणि शाळेच्या मागे विहिरीवर गेली. तिथं भात-वरण शिजवलेले जळके गंज पडले होते. ती राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसली.

पुढे पंगतीत वरण संपलं. आणखी मागितलं गेलं.

अन्नपूर्णाबाई मागे आल्या, तिच्याकडे बघून परत गेल्या. त्या दिवशी त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी बादली दुसऱ्या मुलीला दिली. तिचं नाव हाजरा, पहिल्या वर्षाची.

तिसऱ्या दिवशी पंगत दोनशेच्या वर गेली. नीला विहिरीवर होती. आबिदा रिकामी दुरडी धुवायला आली आणि म्हणाली, "एक बुढी आलीय आज. उंच, हनुवटीवर गोंदण. एकटी टोकाला बसलीय. खात नाही. भात पदरात बांधतेय. मुखरूभाऊंनी पाहिलं तर बोलतील तिला."

नीलाला गोंदणावरून कळलं. पंगतीला सुगंधाबाई दोन दिवस आली नव्हती हे तिच्या लक्षात आलं होतं. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी, ती काय खात असेल, असा विचार दोनदा मनात आला होता. आता आपण समोरून उठलो तेव्हा ती आली, एवढं स्पष्ट होतं.

थोड्या वेळानं शाळेच्या भिंतीला धरून सुगंधाबाई मागच्या बाजूनं उतरायला लागली. पुढच्या वाटेवर मुखरू बसला होता म्हणून ती इकडून आली होती. विहिरीजवळ येईपर्यंत तिला नीला दिसली नाही. दिसली तेव्हा ती थांबली. पदराचं गाठोडं तिनं पोटाशी धरलं.

पाच वर्षांत ती फार वाळली होती. पायाला चिखल, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"सांगू नको कोणाले," ती म्हणाली.

"कोणासाठी नेता?"

"बुढ्यासाठी."

"मामाजी कुठी हायेत?"

"मारुतीच्या देवळात. घराची भीत पडली त्याच्या पायावर. उभं राहता येत नाई. तीन रोज झाले, वास्ते उकडून देऊन राह्यली मी. तेबी गिळत नाई आता."

वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. त्या दिवसांत रानात तेवढेच मिळत होते.

"कोरडा भात तं त्याहून नाई गिळणार," नीला म्हणाली.

गंजाच्या तळाशी दोन-तीन ओगराळी वरण उरलं होतं. दोघींनाही ते दिसत होतं. नीलानं हात धुतले.

"थांबा इथी. विचारून येतो मी." तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येते' न म्हणता असंच 'येतो' म्हणत. चांद्याला आल्यापासून नीलाची ती सवय मोडली होती. आज जिभेवर आपोआप आली.

अन्नपूर्णाबाई फळ्याखाली बसून उद्याच्या शिध्याचा हिशेब लावत होत्या. नीलानं सांगितलं, की गावात एक म्हातारा पाय मोडून पडला आहे. त्याच्यासाठी जेवण न्यायचं आहे.

"नियम तुला ठाऊक आहे."

"आहे. म्हणून विचारायला आले."

"कोण आहे तो?"

"माझे सासरे."

अन्नपूर्णाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "चल, दाखव," म्हणाल्या. त्या स्वतः चिखलातून देवळापर्यंत आल्या. नानाजी घोंगडीवर पडला होता. उजवा पाय नडगीपाशी काळानिळा होऊन सुजला होता. अन्नपूर्णाबाईंनी पाय पाहिला. पोंभुर्ण्याहून डॉक्टर बोलवायला मुखरूला चिठ्ठी दिली, आणि जाताना नीलाला म्हणाल्या, "याचं जेवण रोज इथे आणायचं. मऊ भात, वरण. तुझ्याकडे ते काम."

नीलानं जर्मनच्या ताटलीत भात कुस्करला आणि वरण घातलं. नानाजीनं तिच्याकडे पाहिलं. त्याला ओळखायला वेळ लागला.

"नीला हाये का?"

"हो, मामाजी."

"मास्तरीण झाली म्हणे तू."

"व्हायची हाये अजून."

तो जेवायला लागला. सावकाश, घास तोंडात घोळवत. सुगंधाबाई देवळाच्या पायरीवर पाठमोरी बसली होती. अर्धी ताटली संपल्यावर नानाजी म्हणाला, "मीठ कमी हाये." आणि मग तितक्याच साध्या आवाजात, "त्या रोजी बरोबर होतं. मी दोनदा घेतलं होतं. तुह्या सासूनंबी."

नीला थांबली. "कोणत्या रोजी?"

"गुणवंता जत्रेतून आला त्या रोजी. आमी सारेच जेवलो न एका गंजातलं."

हे नीलाला ठाऊक होतं. चौघं त्या रात्री एकाच गंजातलं जेवली होती. ती स्वतःही. पण पाच वर्षांत हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं, आणि आपणही कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ती उठून पायरीवर आली.

"आत्याबाई, तुमाले आठवते का हे?"

"आठवते."

"तेवा आठवत होतं?"

"होतं."

"मंग काऊन म्हटलं तसं?"

सुगंधाबाई समोरच्या चिखलाकडे बघत होती. तिथं कुणाची तरी कोंबडी बुडालेल्या परसात काहीतरी टोचत होती.

"जत्रेले मी धाडलं होतं त्याले," ती म्हणाली. "त्याले नव्हतं जायचं. कापणीची लाखोळी उभी होती वावरात. म्या म्हटलं, तुह्या पोटी पोर नाई अजून, नवस बोलून ये. नारळ देऊन धाडलं. मंग थो गेला तवा साऱ्या बाया आल्या, कशानं झालं, कशानं झालं विचारू लागल्या. माह्या तोंडातून थे निघून गेलं."

"निघून गेलं. न् मंग पाच वर्सं?"

सुगंधाबाई पायावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडू लागली.

नीलानं ताटली उचलली आणि शाळेत परत आली. त्या दिवशी तिनं सगळे गंज घासले, घासून झालेले पुन्हा घासले. बोटांची सालं निघाली. आबिदानं विचारलं तेव्हा म्हणाली, "राखेनं झालं." चौथ्या दिवशी नानाजीचं जेवण घेऊन ती गेली नाही. ते तिचं काम होतं, तरी तिनं ताटली आबिदाच्या हातात दिली.

आबिदा परत आल्यावर म्हणाली, "म्हातारा विचारत होता तुला. म्हातारीनं नाही विचारलं. ताटली धुऊन दिली फक्त."

"बरं."

"सगळं जेवला तो. मला म्हणाला, बेटी, पान असेल तर आण उद्या." आबिदा हसली. नीला हसली नाही. रागाला इतक्या वर्षांनी तोंड फुटलं होतं आणि ते कुणावर काढायचं ते तिला कळत नव्हतं. पाय मोडलेल्या म्हाताऱ्याच्या जेवणावर ते निघत होतं, हे मात्र कळत होतं. पाचव्या दिवशी ती स्वतः गेली. पान घेऊन गेली. सुगंधाबाईशी बोलली नाही.

सहाव्या दिवशी हाजराला ताप भरला. रात्रीपासून ती वर्गाच्या कोपऱ्यात गोधडी पांघरून पडली होती. सगळ्या मुली कामात बांधलेल्या होत्या. पंगत बसली होती, भात पडत होता आणि वरणाची बादली चुलीपाशी भरून ठेवली होती. अन्नपूर्णाबाई पडवीतून आल्या. विहिरीकडे बघून त्यांनी हाक मारली, "नीला."

या वेळी त्यांनी तू जायलाच हवंस असं काही म्हटलं नाही. नीलानं हात पुसले आणि बादली उचलली.

पहिल्याच ओळीत रुखमाबाई होती. तिचा हात पत्रावळीवर गेला. तिच्या पुढचे दोन-तीन हात गेले. नीला थांबून राहिली. पुढे जावं की नाही, ते तिला ठरवता येईना. बादली जड होती, तिनं ती डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

सुगंधाबाई त्याच पंगतीत टोकाला बसली होती. आदल्या दिवसापासून ती इथेच बसून जेवत होती, पदरात काही बांधत नव्हती. ती उठली. पत्रावळ दोन्ही हातांत धरून, भात सांडू न देता, बसलेल्या माणसांच्या मधून चालत ती पहिल्या ओळीशी आली आणि रुखमाबाईच्या शेजारी खाली बसली. जागा नव्हती. रुखमाबाईला सरकावं लागलं.

"वाढ," सुगंधाबाई नीलाला म्हणाली.

नीलानं वाढलं.

"अजून."

तिनं आणखी एक ओगराळं घातलं. वरण भातातून वाहून पत्रावळीच्या काठाशी आलं. सुगंधाबाईनं घास केला आणि खाल्ला. मग रुखमाबाईकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "त्या रोजी मीबी खाल्लं होतं हिच्या हातचं. बुढ्यानंबी खाल्लं होतं. काई झालं नाई आमाले. गुणवंता जत्रेतून घेऊन आला होता थे, मी धाडलेल्या जत्रेतून. म्या खोटं सांगतलं होतं तुमाले."

मुखरू कोतवाल दारात विडी ओढत उभा होता, त्यानं विडी विझवली.

"मंग आता सांगून राह्यली का वं?" रुखमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. पाच वर्षं ती ही गोष्ट खरी मानून चारचौघींना सांगत आली होती.

"आता सांगून राह्यली," सुगंधाबाई म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

रुखमाबाईनं हात काढला. पण नीलाकडे पाहिलं नाही. नीलानं वरण वाढलं. पुढचे हात एकेक करून निघाले. सगळे नाही. दुसऱ्या ओळीतल्या तिघींनी आणि अंगणातल्या एका म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही. नीला त्यांच्यापाशी थांबली नाही, पुढच्या माणसाकडे गेली. बादली दोनदा भरून आणावी लागली. संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी तिला स्वतःच्या हातानं चहा दिला आणि उद्या डाळ किती भिजवायची ते विचारलं.

आठव्या दिवशी सरकारी धान्य आलं आणि मुलींचं काम संपलं. डॉक्टरनं नानाजीच्या पायाला बांबूच्या खपच्या बांधल्या होत्या. महिनाभर असंच पडून राहायचं म्हणाला होता. ट्रक टेकाडाच्या पायथ्याशी लागला. मुली गंज, पराती, पोती टेकाडावरून खाली उतरवू लागल्या. सुगंधाबाई वर आली. कुणाला भेटायला आली आहे असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. ती नीलाजवळ उभी राहिली.

"परीक्षा कवा हाये तुही?"

"चैतात."

"मंग शाळा देतीन तुले."

"पास झाली तं."

"इथच्या शाळेत बाई नाई. मास्तर हाये थो पोंभुर्ण्याहून येते, कवा येते, कवा नाई येत. बाई असली तं पोरी येतीन. तू मांगितलं तं देतीन तुले हे गाव. घर बांधून राह्यलो आमी पुन्हा. एक खोली होईन."

नीला मोठा गंज रिकामा करत होती. तळाशी उरलेलं पाणी तिनं उतारावर ओतलं.

"मी इथी नाई येणार, आत्याबाई."

"काऊन?"

"नाई येणार."

सुगंधाबाईनं तिच्याकडे पाहिलं. नीलाचा चेहरा शांत होता आणि आवाजही. आपण रागावून बोललो नाही हे तिला स्वतःलाही जाणवलं. नकोच होतं ते. हे गाव, ती एक खोली, सकाळी उठून दिसणारी तीच बांधी.

"बरं," सुगंधाबाई म्हणाली. मग वाकून तिनं गंजाची एक कडी धरली. दुसरी नीलानं धरली. दोघींनी तो टेकाडावरून खाली नेला. वाटेत घसरण होती, तिथं सुगंधाबाई म्हणाली, "हळू." ट्रकवर उभ्या असलेल्या माणसानं गंज वर ओढून घेतला. सुगंधाबाई पदराला हात पुसत देवळाच्या वाटेनं निघून गेली. ट्रक निघेपर्यंत ती थांबली नाही.

पोंभुर्ण्याच्या अलीकडे नाल्यात ट्रक रुतला. मुलींना उतरून ढकलावा लागला. आबिदाची एक चप्पल चिखलात राहिली, ती शोधायला अन्नपूर्णाबाईही वाकल्या, पण सापडली नाही. चांद्याला पोचायला अंधार पडला. नीला वाटेत दोनदा झोपली आणि खड्ड्यांनी जागी झाली. आबिदानं विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "थकल्यासारखं." ते खरं होतं. त्याच्याशिवाय आणखी काही वाटत होतं, पण त्याला नाव द्यायला तिला त्या दिवशी जमलं नाही.

चैत्रात ती पास झाली. तिला अहेरीकडची शाळा मिळाली, रानातल्या गावची. तिथं येणाऱ्या मुलींना मराठी कमी आणि गोंडी जास्त येत होती, म्हणून पहिलं वर्षभर ती त्यांच्याकडून गोंडी शिकली. आंबेटोल्याहून एक पत्र आलं, मुखरू कोतवालाच्या अक्षरात. सुगंधाबाईनं सांगून लिहवलेलं. नानाजी काठी घेऊन चालतो, घराच्या भिंती झाल्या, यंदा धान बरं आहे. शेवटी, तू खुशाल आहेस का ते कळव. नीलानं उत्तर लिहिलं. खुशाल आहे, पटावर एकवीस मुली आहेत, इथं पाऊस फार होतो. पत्र तिनं आठवडी बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर अहेरीच्या टपालात टाकायला दिलं आणि घंटा वाजवायला गेली.